ही गोष्ट कोणाला कळली? : ल्यूक-लॉराच्या लग्नाकडे संशोधक म्हणून बघताना

गेल्या महिन्यात एका मुलीचा मेसेज आला. नुकतीच पेट पास झालीय, प्रपोजल लिहायला घेतलंय. तिने लिहिलं होतं, "ताई, मालिकांवर काम करायचंय. पण पाच पानं लिहिली आणि वाचून बघितलं, तर पाचही पानांत मी नुसती गोष्टच सांगितलीय. कोणाचं कोणावर प्रेम, कोणी कोणाचा काटा काढला, कोणाचं मूल कोणाकडे वाढलं. हे संपल्यावर पुढे काय लिहायचं असतं?"

मला हसूच आलं, कारण माझ्या पहिल्या प्रगती अहवालाचं अगदी हेच झालं होतं. समितीतल्या एका सरांनी पानं चाळली, चष्मा काढला आणि म्हणाले, "छान. आता पुढच्या भागात काय होणार तेही सांगा." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. पण सर खोटं बोलत नव्हते. मालिकेची गोष्ट सांगणं म्हणजे समीक्षा नव्हे, आणि मला तेव्हा दुसरं काही येत नव्हतं.

तर आज त्या मुलीला द्यायचं उत्तर इथेच सगळ्यांसाठी लिहिते. एकच उदाहरण घेणार आहे. अमेरिकेतली दुपारची मालिका 'जनरल हॉस्पिटल' आणि त्यातलं ल्यूक-लॉरा प्रकरण. हेच का? कारण या प्रकरणात गोष्ट सांगून गप्प बसणं ही नुसती आळशी समीक्षा ठरत नाही, तर अन्याय ठरतो. कसा, ते शेवटपर्यंत वाचलंत की कळेल.

आधी थोडी पार्श्वभूमी

'सोप ऑपेरा' हे नाव साबणावरून आलं, हे बहुतेकांना माहीत असतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत रेडिओवर दुपारच्या वेळी, घरी असणाऱ्या बायकांसाठी रोजच्या श्राव्यमालिका सुरू झाल्या आणि साबण-सोडा विकणाऱ्या कंपन्या त्यांच्या प्रायोजक झाल्या. पुढे हा प्रकार टीव्हीवर आला. 'गाइडिंग लाइट' ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू झाली, १९५२ मध्ये टीव्हीवर आली आणि २००९ मध्ये संपली. म्हणजे ७२ वर्षं! आजीने सुरू केलेली मालिका नातीने संपताना पाहिली, असं तिथे खरोखर घडू शकत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या मालिकांवरचं 'संशोधन'ही तेवढंच जुनं. न्यूयॉर्कमधले मानसोपचारतज्ज्ञ लुई बर्ग यांनी १९४२ मध्ये जाहीर केलं की रेडिओवरच्या या मालिका ऐकणाऱ्यांच्या प्रकृतीला घातक आहेत. पुरावा काय? तर मालिका ऐकताना त्यांनी स्वतःचीच नाडी आणि रक्तदाब मोजला होता. नमुना म्हणून एक माणूस, आणि तोही श्रोता नसलेला! संशोधन पद्धतीच्या पेपरात 'नमुना निवड' शिकताना हे उदाहरण आठवा, विसरणार नाही. त्याच सुमारास हेर्टा हर्झोग मात्र ऐकणाऱ्या बायकांशी प्रत्यक्ष बोलत होत्या, 'तुम्हाला यातून काय मिळतं?' असं विचारत होत्या. दोघांचा विषय एकच, पण एकाने निकाल आधी ठरवला होता आणि दुसरीने प्रश्न आधी विचारला.

आता प्रकरण काय आहे

(गोष्ट सांगते, पण थोडक्यात. शिस्त म्हणजे शिस्त.)

'जनरल हॉस्पिटल' १ एप्रिल १९६३ रोजी एबीसी वाहिनीवर सुरू झाली. पोर्ट चार्ल्स नावाचं काल्पनिक गाव, तिथलं हॉस्पिटल आणि भोवतालची कुटुंबं. १९७०च्या दशकाच्या शेवटी मालिका बंद पडायच्या बेतात होती. १९७८ मध्ये ग्लोरिया मॉन्टी निर्मात्या म्हणून आल्या. त्यांनी कथेला वेग दिला आणि तरुण पात्रं पुढे आणली. त्यातली मुख्य लॉरा, म्हणजे अभिनेत्री जिनी फ्रान्सिस.

लॉराचं लग्न स्कॉटी बाल्डविनशी झालेलं. स्कॉटीवर डोळा बॉबी स्पेन्सर या नर्सचा. हा संसार मोडायला बॉबी आपल्या भावाला, ल्यूकला, हाताशी धरते. अँथनी गिअरी या नटाने केलेला हा ल्यूक माफिया फ्रँक स्मिथचा माणूस, एक डिस्को चालवणारा. लॉरा त्याच्याकडे नोकरीला लागते आणि ल्यूक तिच्या प्रेमात पडतो. ऑक्टोबर १९७९ मधल्या एका भागात, रात्री बंद डिस्कोमध्ये, लॉरा नको म्हणत असताना तो तिच्यावर बलात्कार करतो.

आणि १६ व १७ नोव्हेंबर १९८१ रोजी, जेमतेम दोन वर्षांनी, त्याच दोघांचं लग्न मालिकेत लागतं. सुमारे ३ कोटी लोकांनी ते पाहिलं. अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांच्या इतिहासात एवढा प्रेक्षक दुसऱ्या कुठल्या भागाला लाभलेला नाही. एलिझाबेथ टेलर पाहुणी म्हणून आली आणि नवरा-नवरीला शाप देऊन गेली. आजही 'टीव्हीवरची सर्वांत मोठी प्रेमकथा' अशा याद्यांत हे जोडपं असतं.

इथे सामान्य वाचक म्हणतो, "शी, काय हे!" बरोबरच आहे. पण संशोधकाने "शी" म्हणून पान उलटायचं नसतं. त्याने विचारायचं असतं की हे *कसं* घडलं. एका गुन्ह्याचं प्रेमकथेत रूपांतर करायला दोन वर्षं रोज एक तास काय काय करावं लागलं?

हाताशी घ्यायचं साधन

रॉबर्ट सी. ॲलन यांचं 'स्पीकिंग ऑफ सोप ऑपेराज' हे १९८५ चं पुस्तक. त्यात त्यांनी एक फार उपयोगी गोष्ट दाखवलीय. बाहेरच्या माणसाला वाटतं की मालिकेत काहीच घडत नाही, तेच तेच बोलतात. एक बातमी कळते, मग ती नर्स डॉक्टरला सांगते, डॉक्टर बायकोला सांगतो, बायको बहिणीला सांगते, आणि यात आठवडा जातो. बाहेरच्या माणसाला हे पाणी घालणं वाटतं. पण नेहमी बघणाऱ्या बाईला तेच खरं जेवण असतं. कारण तिला माहीत असतं की ही बहीण पूर्वी त्याच डॉक्टरच्या प्रेमात होती. मग बातमी ऐकताना *तिच्या* चेहऱ्यावर काय उमटलं, हे बघायला ती बसलेली असते.

ॲलन यासाठी 'सिंटॅग्मॅटिक' आणि 'पॅराडिग्मॅटिक' असे शब्द वापरतात. घाबरू नका. लुगड्यातला उभा धागा आणि आडवा धागा समजा. 'पुढे काय झालं' हा एक धागा. 'जे झालं ते कोणाकोणाच्या नात्यातून गेलं' हा दुसरा. कादंबरी किंवा सिनेमा पहिल्यावर जास्त विसंबतो, रोजची मालिका दुसऱ्यावर.

म्हणजे मालिकेचा मूळ प्रश्न 'काय घडलं?' हा नाहीच. मूळ प्रश्न आहे 'हे कोणाला कळलं?' गोष्टीचा सारांश लिहिताना आपण नेमका हाच धागा उसवून टाकतो, आणि मग लिहायला काही उरत नाही.

आता या प्रश्नाने ल्यूक-लॉरा वाचू.

शब्द आणि नाव

डिस्कोतल्या त्या रात्रीनंतर लॉरा घरच्यांना सांगते की आपल्यावर बलात्कार झाला. कोणी केला, हे मात्र ती सांगत नाही.

इथे थांबा आणि याचं महत्त्व बघा. "तो काळच वेगळा होता, तेव्हा कोणाला ते बलात्कार वाटलंच नव्हतं," असा बचाव खूपदा केला जातो. पण १९७९ च्या मालिकेत, पात्रांच्या तोंडी, तो शब्द *आहे*. जे नाही ते गुन्हेगाराचं नाव. आणि मालिकेच्या व्याकरणात नाव नसलेली गोष्ट म्हणजे काय? गुपित. गुपित म्हणजे मालिकेचं भांडवल. आता प्रेक्षकाचं लक्ष 'लॉराचं काय होणार' यावरून हळूहळू 'स्कॉटीला कधी कळणार' याकडे वळतं. दुखापतीची उत्कंठा झाली.

ज्यांना सगळं माहीत आहे असे कोण? लॉरा, ल्यूक आणि आपण प्रेक्षक. एकाच गुपितात बांधलेली दोन माणसं मालिकेत सारखी समोरासमोर येतात, बोलता बोलता गप्प होतात, दुसरं कोणी आलं की विषय बदलतात. आता सांगा, पडद्यावर हे कशासारखं दिसतं? चोरट्या प्रेमासारखं! गुपित राखणाऱ्यांची देहबोली आणि प्रेमिकांची देहबोली मालिकेत एकच असते. नवं काही न लिहिताही निम्मं काम इथेच झालं.

उरलेलं काम संगीताने केलं. त्या प्रसंगात हर्ब अल्पर्ट यांची 'राइज' ही धून वाजत होती. त्याच महिन्यात ती धून अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि ल्यूक-लॉराशी कायमची जोडली गेली. प्रसंग एकदाच घडला, धून मात्र रेडिओवर दिवसभर वाजत होती.

पुढे स्कॉटीला नाव कळतं. तेव्हा काय होतं? ल्यूकचं दुसऱ्याच मुलीशी, माफिया स्मिथच्या लेकीशी, बोटीवर लग्न चाललंय, तिथे स्कॉटी जाऊन पोचतो. हाणामारी होते, ल्यूक पाण्यात पडतो. मग ल्यूक आणि लॉरा गावातून पळतात आणि माफियाची माणसं त्यांच्या मागे लागतात. १९८० चा उन्हाळाभर पाठलाग, वेषांतर, लपणं-छपणं. स्कॉटीच्या तोंडी नाव आलं खरं, पण 'लॉरावर काय झालं' हा प्रश्न तोवर उरलाच नव्हता. 'लॉरा कोणाची' हा प्रश्न झाला होता.

आधी शब्द होता, नाव नव्हतं. नाव आलं, तोवर शब्द निघून गेला.

पुढे मालिकेभोवतीच्या बोलण्यातही 'बलात्कार' मागे पडून 'सिडक्शन' हा शब्द आला. म्हणजे भुलवणं, मोहात पाडणं. पण हे काम कोणी एका दिवसात, एका संवादाने केलेलं नाही. हे कळण्याच्या साखळीने केलं, आणि ती साखळी सारांशात दिसत नाही.

आईच्या जागेवर बसलेला प्रेक्षक

दुसरं साधन टानिया मॉडलेस्की यांचं. १९८२ च्या 'लव्हिंग विथ अ व्हेन्जन्स' या पुस्तकात त्या म्हणतात की ही मालिका आपल्या प्रेक्षक बाईला आदर्श आईच्या जागी बसवते. अशी आई, जिला सगळ्या लेकरांची बाजू कळते, सगळ्यांसाठी जीव तुटतो आणि जी कोणा एकाची होऊ शकत नाही. आणि या सोशीक आईचा दाबलेला राग बाहेर काढायला मालिकेत एक कारस्थानी बाई असते.

आपल्या प्रकरणात बघा. ल्यूकला जवळून टिपलेले किती चेहरे मिळाले! त्याला स्मिथने एका माणसाचा खून करायला सांगितलंय, त्यात आपलाच जीव जाणार असं त्याला वाटतंय, तो रडतोय, पस्तावतोय. आईच्या जागेवर बसलेल्या प्रेक्षकाला त्याचीही बाजू कळते. कळणं आणि माफ करणं यातली रेघ मालिका पुसते. आणि राग? तो जातो बॉबीवर. घर मोडायला निघाली ना ती! हाच मला या प्रकरणातला सर्वांत बोचणारा भाग वाटतो. कारस्थान करणारी बाई लक्षात राहते खलनायिका म्हणून, आणि गुन्हा करणारा पुरुष नवरदेव म्हणून.

पण मॉडलेस्कींच्या मांडणीला इथे एक मर्यादाही आहे, ती नोंदवायला हवी. त्यांची 'आई' ही मालिकेने *रचलेली* जागा आहे. त्या जागेवर प्रत्यक्ष बसलेल्या बाया काय म्हणत होत्या, हे त्यातून कळत नाही. ३ कोटी लोकांनी लग्न पाहिलं, म्हणून ३ कोटी लोकांनी माफ केलं असं होत नाही. कोणी पाहताना चिडलंही असेल. प्रेक्षकसंख्या म्हणजे प्रेक्षकांचं मत नव्हे. प्रबंधात 'प्रेक्षकांवर परिणाम होतो' असं लिहायचा मोह झाला की लुई बर्ग आणि त्यांचा रक्तदाब आठवा.

एकोणीस वर्षांनी

इथवर माझा निष्कर्ष सरळ होता: रोजच्या मालिकेचा साचाच असा की तो हिंसा गिळतो. चार महिने मी हेच लिहीत होते. मग १९९८ चे भाग समोर आले आणि माझं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं.

मालिका चालूच होती ना! ल्यूक-लॉराचा मुलगा लकी आता तरुण झालाय. फेब्रुवारी १९९८ मध्ये, व्हॅलेंटाइनच्या रात्री, त्याच्या ओळखीच्या एलिझाबेथवर बलात्कार होतो आणि लकी तिला सावरायला मदत करतो. त्याच वर्षी त्याला कळतं की आपल्या बापाने आपल्या आईवर बलात्कार केला होता. तो बापाला जाब विचारतो. घरात ज्याला आजवर प्रेमकथेची सुरुवात म्हटलं जात होतं, त्याला त्याचं मूळचं नाव परत मिळतं. शब्द आणि नाव पहिल्यांदाच एका वाक्यात येतात.

हे सिनेमात होऊ शकत नाही. सिनेमा संपतो, आणि एकोणीस वर्षांनी तेच नट, तेच चेहरे घेऊन 'आम्ही तेव्हा चुकीचं सांगितलं' असं त्याला म्हणता येत नाही. मालिकेला येतं, कारण ती संपलेलीच नसते आणि १९७९ चा तो भाग पाहिलेली बाई कदाचित अजून तिथेच बसलेली असते. म्हणजे जी यंत्रणा गुन्हा पुसते, तीच त्याला पुन्हा वर काढू शकते. यंत्रणा एकच, एक जुनी गोष्ट नव्या माणसाला कळणं. कळणारा नवरा असेल तर भांडण होतं. कळणारा मुलगा, आणि त्याच्या डोळ्यासमोर तशीच दुखावलेली एक मैत्रीण, असं असेल तर हिशेब होतो.

पण टाळ्या वाजवायची घाई नको. १९९८ मध्येही मध्यभागी कोण आहे? लकी आणि ल्यूक, बाप-लेक. लॉराचं दुःख पुन्हा एकदा दोन पुरुषांमधल्या पेचाचं कारण बनतं. मालिकेने शब्द परत दिला, गोष्ट मात्र पूर्णपणे लॉराच्या हाती दिली नाही. माझं मत असं, की ही दुरुस्ती खरी आहे आणि अपुरीही. दोन्ही गोष्टी लिहायच्या. एक लपवली की दुसरीही खोटी पडते.

मग प्रपोजलमध्ये काय लिहायचं?

त्या मुलीला मी सांगितलं ते असं. गोष्टीची पाच पानं बाजूला ठेव. एक तक्ता कर, पाच रकान्यांचा: घटना कोणती, कोणाला कळली, कोणाकडून, कोणता शब्द वापरून, आणि ऐकणाऱ्याने काय केलं. एका घटनेसाठी हा तक्ता चाळीस-पन्नास भागांवर भर. शब्द कुठे बदलतो तिथे खूण कर. तिथेच तुझं प्रकरण दडलंय.

दुसरं, जे भाग स्वतः पाहिलेस ते आणि ज्यांचे फक्त सारांश वाचलेस ते वेगळे नोंदव. जुन्या मालिकांचे असंख्य भाग वाहिन्यांनीच टेप पुन्हा वापरण्यासाठी पुसून टाकले. सारांश लिहिणाऱ्याने 'सिडक्शन' लिहिलं आणि तू तेच उचललंस, तर तूही त्या साखळीतली एक कडी झालीस.

तिसरं, अमेरिकेची मांडणी आपल्याकडे जशीच्या तशी चिकटवू नकोस. तिथली मालिका दुपारची, एकट्या बाईने कामं करता करता बघायची. मराठीतल्या गाजलेल्या दैनंदिन मालिका मुख्यतः संध्याकाळच्या, सगळं घर समोर बसलेलं असताना बघायच्या. मॉडलेस्कींची 'आई' आपल्या बैठकीच्या खोलीत सासू, सून आणि सासरे यांच्यामध्ये बसली तर काय होईल? हा खरा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्यांच्या पुस्तकात नाही.

काल तिचा पुन्हा मेसेज आला. एका मराठी मालिकेचे बारा भाग झालेत. तिने लिहिलंय, "ताई, थप्पड मारल्याचा एक प्रसंग आहे. दुसऱ्या भागात सगळे त्याला 'मारलं' म्हणतात. नवव्या भागापासून सासूबाई 'रागावला होता' म्हणायला लागल्यात. अकराव्यात सूनही तेच म्हणाली."

मी तिला एवढंच कळवलं, की सून असं म्हणाली तेव्हा समोर कोण होतं, ते आधी बघ.